सरकत्या छताचे घर

प्रस्तावना

नवी वस्तू घडवणे आणि जुनी वस्तू पुन्हा उभी करणे या दोन निराळ्या विद्या आहेत. नवी वस्तू घडवणारा आपल्या कल्पनेप्रमाणे आरंभ करतो. जुनी दुरुस्त करणाऱ्याला मात्र पहिल्या कारागिराने काय योजले होते आणि का योजले होते, हे आधी ओळखावे लागते. प्रस्तुत पाठात अमेरिकेतील एका विशेष प्रकारच्या फिरत्या घराच्या जीर्णोद्धाराची माहिती दिली आहे. हे घर मोटारीच्या मागे जोडून नेतात आणि त्याचे छत खाली-वर सरकते.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण –
• सरकत्या छताच्या ट्रेलरची रचना समजावून सांगू शकाल;
• दुरुस्तीच्या कामांचा क्रम आणि त्यामागील कारणे सांगू शकाल;
• वजन आणि सुरक्षितता यांचा संबंध उदाहरणाने स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

१. छत सरकते का केले?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारींची संख्या झपाट्याने वाढली. १९५६ मध्ये तेथे आंतरराज्य महामार्गांच्या बांधणीचा कायदा झाला आणि लांबचे प्रवास सुकर झाले. सुट्टीत कुटुंबासह हिंडणाऱ्यांना निजण्याची, स्वयंपाकाची सोय बरोबर नेता यावी, म्हणून ट्रेलर लोकप्रिय झाले. परंतु माणूस उभा राहील एवढ्या उंचीचे घर ओढणे मोटारीला जड जाते. वाऱ्याचा विरोध समोरच्या क्षेत्रफळाबरोबर वाढतो आणि वेग दुप्पट झाला की तो सुमारे चौपट होतो. उंच पेटीसारखा ट्रेलर आडव्या वाऱ्यात हेलकावतो, तो वेगळाच.

या अडचणीवर निघालेला एक तोडगा म्हणजे सरकते छत. ओहायो राज्यातील बटलर या गावी ‘हाय-लो’ नावाचे असे ट्रेलर अनेक दशके बनत असत. २०१० मध्ये तो कारखाना बंद पडला. मात्र तेथे तयार झालेली फिरती घरे अनेकांनी जपली, दुरुस्त केली आणि वापरात ठेवली.

या ट्रेलरचे दोन भाग असतात. डब्यावर झाकण बसावे, तसा वरचा भाग खालच्या भागावर उतरतो. प्रवासात घर बुटके राहते आणि मुक्कामी पोहोचल्यावर पूर्ण उंचीचे होते. बॅटरीवर चालणारी मोटर पंप फिरवते. पंप तेलाला दाबाने सिलिंडरात ढकलतो. सिलिंडरातील दांडा सरकला की त्याला जोडलेले पोलादी दोर ताणले जातात. हे दोर कप्प्यांवरून चारही कोपऱ्यांकडे गेलेले असतात आणि ते छत उचलतात. खाली आणताना पंपाची गरज लागत नाही. झडप उघडली की छताच्या भारानेच तेल टाकीत परतते.

२. आधी परीक्षा, मग हत्यार

जुना ट्रेलर विकत घेतला की रंग, पडदे आणि गाद्या यांचे विचार मनात येऊ लागतात. अनुभवी कारागीर मात्र प्रथम जमिनीवर आडवा होऊन खालचा सांगाडा पाहतो. पोलादी पट्ट्यांवरचा वरवरचा गंज घासून निघतो. पण सांध्यापाशी पापुद्रे सुटत असतील किंवा चीर गेली असेल, तर ते काम वेल्डिंग जाणणाऱ्याचे आहे. चाकांची बेअरिंगे, ब्रेक आणि जोडणीचा आकडा यांची तपासणी त्यानंतर येते. टायरची नक्षी शाबूत दिसली, म्हणून टायर चांगला असे नव्हे. न वापरतासुद्धा रबर वयाने कडक होऊन भेगाळते. २००० नंतर बनलेल्या टायरवरील संकेताचे शेवटचे चार अंक तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला, हे सांगतात.

दुसरा शत्रू पाणी. कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात, ते भिंती रंगवण्याच्या आधी. येथेही तोच क्रम पाळावा लागतो. खिडक्यांच्या कडा, छतावरील झरोके आणि पत्र्याचे सांधे यांतून थेंब थेंब झिरपलेले पाणी आतील लाकडी चौकट कुजवते. बाहेरून पत्रा चकचकीत दिसतो आणि आत लाकडाचा भुगा झालेला असतो. म्हणून पेचकसाचे टोक जमिनीच्या कडांवर आणि कोपऱ्यांत हलके दाबून पाहतात. टोक सहज आत रुतले, तर तेथील लाकूड गेले असे समजावे. गळती बंद केल्याशिवाय बसवलेले नवे प्लायवूड काही पावसाळ्यांतच जुन्याच्या वाटेने जाते. बुरशी काढताना तोंडावर योग्य मुखपट्टी हवी.

३. छताखालचा धोका

या दुरुस्तीतील सर्वांत गंभीर भाग म्हणजे उचलण्याची यंत्रणा. छत रात्रभरात हळूहळू खाली बसत असेल, तर झडपेतून किंवा सिलिंडरातून तेल सुटत असण्याची शक्यता असते. एक कोपरा मागे राहत असेल, तर त्या बाजूच्या दोराचा ताण, कप्पी किंवा सरकण्याचा मार्ग तपासावा लागतो. दोराची एखादी तार तुटून बाहेर आलेली दिसली, तर तो दोर बदलणे हाच उपाय. चारही दोरांचे वय सारखेच असल्याने जाणकार सगळे एकदम बदलतात.

येथे एक नियम मोडता येत नाही. तेलाच्या दाबावर किंवा दोरावर तोललेल्या छताखाली काम करू नये. छत वर गेले की चारही कोपऱ्यांना भक्कम टेकू द्यावेत आणि भार टेकूंवर आल्याची खात्री करावी. मगच हात, डोके आत न्यावे. दोर तुटण्यापूर्वी पूर्वसूचना देईलच, असे नाही.

पाठगत प्रश्न १
(अ) सरकत्या छतामुळे प्रवासात कोणता लाभ होतो?
(आ) चकचकीत पत्र्यावरून ट्रेलरची पारख का करू नये?

४. प्रत्येक किलोचा हिशेब

अंतर्भाग नव्याने सजवताना बहुतेकांची चूक होते ती वजनात. प्रत्येक ट्रेलरला कमाल भाराची मर्यादा ठरवून दिलेली असते. समजा, ही मर्यादा १५०० किलो आणि रिकाम्या ट्रेलरचे वजन १२५० किलो आहे. म्हणजे पाणी, गॅस, भांडी, अंथरुणे, कपडे आणि अन्न या सर्वांसाठी २५० किलो उरले. ६० लिटर पाणीच ६० किलोंचे होते.

आता मालकाने दहा चौरस मीटर भागावर ६ मिलिमीटरच्या प्लायवूडऐवजी १८ मिलिमीटरचे लावले. प्लायवूडचे वजन घनमीटरला सुमारे ६०० किलो धरले, तर केवळ या बदलाने ७२ किलो वाढतात. दगडी ओटा आणि फरशा आल्या की मर्यादा प्रवासाआधीच संपते. घरात जे मजबूत ठरते, ते रस्त्यावर घातक ठरू शकते.

भार किती, याबरोबरच तो कोठे, हेही महत्त्वाचे आहे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडणीवर यावा. मागच्या टोकाला जड सामान ठेवले, तर हा भार घटतो आणि ट्रेलर वेगात असताना डावीकडे-उजवीकडे डोलू लागतो.

५. दोन उंचींचा विचार

सरकत्या छताच्या घरात प्रत्येक वस्तूला दोन वेळा जागा द्यावी लागते: एकदा छत वर असताना, एकदा खाली असताना. उंच कपाट येथे चालत नाही, कारण उतरणारे छत त्यावर आदळेल. छताला टांगलेले कप्पे छताबरोबर खाली येतात. त्यांच्याखाली तेवढी पोकळी राखावी लागते. म्हणून काम करणारे आधी पुठ्ठ्याचे नमुने करून पाहतात. छतावर सौर पट्ट्या बसवणेही वाटते तेवढे सोपे नाही, कारण तो भार पंपाला आणि दोरांना दर वेळी उचलावा लागतो.

विजेच्या प्रत्येक वाटेला योग्य क्षमतेचा फ्यूज हवा. छताकडे जाणाऱ्या तारांना सरकण्यापुरती ढील हवी. पण त्या चिमटीत सापडता कामा नयेत. गॅसचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासतात. बुडबुडे आले की गळती समजावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने त्याचा इशारा देणारे यंत्र जमिनीलगत लावतात. कार्बन मोनॉक्साईडचा इशारा देणारे यंत्रही तितकेच आवश्यक असते. छत खाली असताना शेगडी कधीही पेटवू नये.

६. काय राखावे, काय बदलावे

कारखाना बंद झाल्याने मूळ सुटे भाग सहज मिळत नाहीत. म्हणून उकलताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेणे, स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत नावे घालून ठेवणे आणि जुना तुकडा नव्याचे माप म्हणून जपणे, ही शिस्त उपयोगी पडते. रंग, कापड, दिवे आवडीनुसार बदलावेत. परंतु हलकेपणा, बुटकेपणा आणि छताचा समतोल हे या घराचे प्राण आहेत. त्यांना धक्का लावू नये. मूळ कारागिराची योजना ओळखून तिच्या मर्यादेत नवी सोय करणे, हाच खरा जीर्णोद्धार होय.

शब्दार्थ

जीर्णोद्धार – जुन्या वास्तूची वा वस्तूची पुन्हा उभारणी
शाकारणे – छपराची दुरुस्ती करून ते पावसाला तयार करणे
पेचकस – स्क्रू फिरवण्याचे हत्यार
कप्पी – दोर फिरण्यासाठी खाच असलेले चाक

स्वाध्याय

१. दुरुस्तीत सजावट सर्वांत शेवटी का येते? पाठाच्या आधारे लिहा.
२. ‘घरात जे मजबूत ठरते, ते रस्त्यावर घातक ठरू शकते.’ हे विधान उदाहरणाने स्पष्ट करा.
३. आपल्या घरातील एखादी जुनी वस्तू दुरुस्त करायची आहे. तिच्यात काय राखाल, काय बदलाल आणि का, ते दहा ओळींत लिहा.