कनेक्शन कोणाच्या नावावर?

चि. ओंकार,


कोथरूडच्या फ्लॅटवर वायफाय घेतलंत, पैसे चौघांत आणि कनेक्शन तुझ्या नावावर, हे कळलं. "एसएसआयडी लपवला की झालं ना, आत्या?" असं विचारलंयस. एसएसआयडी म्हणजे नेटवर्कचं नाव. नाही, तेवढ्याने नाही झालं. पण त्याआधी आयपी अ‍ॅड्रेस समजून घे.

घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला राउटर एकेक पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. तो घरापुरताच; शेजारच्या फ्लॅटमध्येही हुबेहूब तोच आकडा असू शकतो. बाहेर जाताना राउटर सगळ्यांच्या विनंत्यांवर एकच बाहेरचा पत्ता घालतो आणि आलेलं उत्तर ज्याचं त्याला पोचवतो. याला नॅट म्हणतात. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला तुम्ही चौघे वेगळे दिसतच नाही. तुझ्या रूममेटने काही केलं काय किंवा जिन्यात उभ्या राहिलेल्या परक्याने केलं काय, नोंद एकाच पत्त्यावर. इंटरनेट कंपन्या हल्ली एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, तरी तो कुठल्या वेळी कोणाकडे होता याची नोंद ठेवतात. त्या नोंदीत नाव तुझं.

हे कसं अंगाशी येतं ते बघ. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांकडे धमकीची मेल गेली होती. तिचा माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी. त्याचं वायफाय उघडं होतं. मेल दुसऱ्याच कोणी पाठवली होती. त्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही, पण चौकशीचा ससेमिरा काही चुकला नाही. पुढच्याच दोन महिन्यांत माटुंग्याचं एक कॉलेज आणि चेंबूरची एक कंपनी यांची नेटवर्कं अशीच वापरली गेली. वायफायला पासवर्ड का, असं कोणी विचारलं की मी बँकेच्या पैशांबद्दल बोलतच नाही, सानपाडा सांगते.

आता तुझा लपवलेला एसएसआयडी. राउटरने ते नाव पुकारायचं थांबवलं, तरी तुमचे फोन जोडून घेताना ते नाव स्वतःच हवेत बोलतात, आणि ऐकणाऱ्याला तेवढं पुरतं. उलट फोन बाहेर नेलात की तिथेही तो त्या नावाने हाका मारत सुटण्याची शक्यता. मॅक अ‍ॅड्रेसची यादी करून बाकीच्यांना अडवण्याचं तेच. तो प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा पत्ता, पण उघडाच प्रवास करतो आणि त्याची नक्कल सहज करता येते. हे म्हणजे दाराला कुलूप न लावता नावाची पाटी काढून ठेवणं झालं.

खरं काम एन्क्रिप्शनचं, म्हणजे हवेतला मजकूर कुलूपबंद करण्याचं. त्याचा १९९७ साली आलेला प्रकार, वेप, २००१ मध्येच फोडला गेला. जुन्या राउटरच्या यादीत ते अजून दिसतं, त्याला हात लावू नकोस. २००४ पासूनचं डब्ल्यूपीए२ चांगलं आहे, पण त्यात एक मेख आहे. फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार निरोपांची देवाणघेवाण होते, तिला हँडशेक म्हणतात. तो एकदा टिपला, की चोर घरी जाऊन निवांत पासवर्डचे अंदाज लावत बसू शकतो. राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्याकडे निम्म्या घरांचा पासवर्ड म्हणजे बाबांचा मोबाईल नंबर! दहा आकडे मोठे वाटतात, पण दमदार ग्राफिक्स कार्डाला ते काही तासांचंही काम नाही. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिही. ६३ अक्षरांपर्यंत मुभा आहे. २०१८ चं डब्ल्यूपीए३ राउटरवर असेल तर तेच निवड, कारण त्यात प्रत्येक अंदाज राउटरसमोरच करून बघावा लागतो.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता पिनने जोडून घ्यायची सोय, मात्र आजच बंद कर. त्याचा पिन आठ आकडी, पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो आणि राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो. म्हणून फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. २०११ मध्ये हे उघड झालं. मग पासवर्ड कितीही लांब असो, उपयोग शून्य.

राउटरच्या आतल्या पानाचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो. बसवायला आलेल्या मुलाने तो 'अ‍ॅडमिन' असाच सोडला असणार, बदल. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू कर, त्याचा पासवर्ड अधूनमधून बदलत जा. मित्र रागावले तर माझं नाव सांग.

आणि फ्लॅट सोडताना कनेक्शन बंद करायला किंवा दुसऱ्याच्या नावावर करायला लेखी अर्ज दे, त्याची पोच घे. नुसतं "पुढचं बिल तू भर" म्हणून निघू नकोस.

तुझी,
आत्या