बंद लॅपटॉपच्या हार्ड डिस्कसाठी केसिंग कोणतं घ्यावं?

प्रश्न : आमचा सहा-सात वर्षांचा लॅपटॉप बंद पडला. मदरबोर्ड गेलाय, त्यावर खर्च करू नका, असं दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलं. हार्ड डिस्क मात्र ठीक आहे म्हणाला. मुलांचे लहानपणापासूनचे फोटो तिच्यातच आहेत. ती केसिंगमध्ये घालून पेनड्राइव्हसारखी वापरता येते, असं ऐकलं. पण बाजारात दोनशेपासून दोन हजारांपर्यंत केसिंग दिसतात. स्वस्त आणि भरवशाचं कोणतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हार्ड डिस्क अशी जरूर वापरता येते, आणि त्यासाठी दोन हजार मोजायची काहीच गरज नाही. केसिंग म्हणजे प्लास्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा एक डबा आणि त्याच्या आत एक छोटासा सर्किट बोर्ड. डिस्क नीट चालणार की नाही, हे तो बोर्ड आणि सोबतची केबल ठरवतात. डब्याच्या दिसण्यासाठी जादा पैसे देऊ नका.

खरेदीला जाण्याआधी डिस्क बाहेर काढून नीट पाहा. चार्जर काढा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढा आणि मगच मागचं झाकण उघडा. साधारण दहा सेंटिमीटर लांब, सात सेंटिमीटर रुंद असा धातूचा चपटा आयत निघाला, तर ती अडीच इंची डिस्क. तिच्या एका कडेला शेजारी शेजारी दोन चपटे जोड दिसतील : लहान जोडात ७ पट्ट्या, तो माहितीसाठी, लांब जोडात १५ पट्ट्या, तो विजेसाठी. हा साटा प्रकार. त्याचा आराखडा २००३ साली आला. त्याआधीच्या लॅपटॉपमध्ये दोन ओळींत टोचणाऱ्या सुयांची आयडीई डिस्क असे. तिला साटाचं केसिंग चालत नाही. तुमचा लॅपटॉप सहा-सात वर्षांचा, म्हणजे ही अडचण येणार नाही.

दुसरी एक शक्यता मात्र आहे. आत २२ मिलिमीटर रुंदीची नुसती एक पट्टी निघाली, तर ती एम.२ प्रकारची एसएसडी. तिचं केसिंग वेगळं. त्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत आणि स्वस्त केसिंग बहुधा एकालाच चालतं. पट्टीवरचं लेबल वाचून, शक्यतो त्याचा फोटो दाखवूनच ते घ्या.

तुमची डिस्क फिरणारी, अडीच इंची साटा आहे असं धरून पुढचं सांगतो. तिची जाडी ७ किंवा ९.५ मिलिमीटर असते. ९.५ चं केसिंग घ्या, दोन्ही बसतात. पातळ डिस्कसाठी सोबत फोमची एक पट्टी मिळते, ती फेकू नका. ती नसेल तर डिस्क आत हलते आणि सगळा ताण जोडावर येतो.

आता विजेचं. बहुतेक तक्रारींचं मूळ इथंच असतं. अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, म्हणून वेगळा अडॅप्टर लागत नाही. यूएसबी २.० च्या पोर्टने ५०० मिलिॲम्पिअर द्यावेत असं प्रमाण आहे, ३.० च्या पोर्टने ९००. फिरायला सुरुवात करताना डिस्क क्षणभर एक ॲम्पिअरच्या आसपास ओढते. त्यात केबल लांब आणि बारीक असेल तर डिस्कपर्यंत पुरेसा दाब पोचतच नाही. ती गुरगुरते, थांबते, पुन्हा सुरू होते. स्क्रीनवर दिसते आणि नाहीशी होते. घरात सगळे म्हणतात, डिस्क गेली. पुष्कळदा दोष तिचा नसून केबलचा असतो. केबल हातभरापेक्षा आखूडच ठेवा. हब टाळा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूचा पोर्ट वापरा, तो थेट मदरबोर्डवर असतो. पोर्ट आणि केबल बदलूनही टक-टक आवाज थांबत नसेल, तर मात्र लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा लावून पाहण्यात उरलेले फोटोही जाऊ शकतात. अशी डिस्क डेटा परत काढून देणाऱ्या जाणकाराकडेच न्यायची.

वेगासाठी यूएसबी ३.० पुरे. २.० चं केसिंग थोडं स्वस्त मिळतं, पण ते घेऊ नका. त्यातून सेकंदाला प्रत्यक्षात ३०-३५ मेगाबाइट जातात, आणि लॅपटॉपची साधी डिस्क १०० च्या आसपास देऊ शकते. म्हणजे २०० जीबी उतरवायला ३.० ला अर्धा तास, तर २.० ला दीड तासाहून अधिक. फोटोंच्या हजारो लहान फायली असतील तर दोन्हीकडे आणखी वेळ लागतो. खोक्यावर ३.०, ३.१ जेन १ किंवा ३.२ जेन १ असं काहीही छापलेलं असो, वेग एकच, ५ गिगाबिट. १० गिगाबिटच्या केसिंगसाठी जादा पैसे देऊन फिरणाऱ्या डिस्कला काहीही मिळत नाही.

बोर्डावरची चिप कोणती, हे विक्रेत्याला विचारा. जेमायक्रॉन किंवा एएसमीडिया या कंपन्यांच्या चिप भरवशाच्या. जेएमएस५७८ किंवा एएसएम११५३ई असं नाव माहितीत दिसलं तर बिनधास्त घ्या. चिपचं नावच कुठे दिलेलं नाही, असं केसिंग मी घेणार नाही, मग ते कितीही स्वस्त असो. फिरणारी डिस्क फार तापत नाही, तेव्हा प्लास्टिकचा डबा चालेल. सॉकेट मात्र घट्ट हवं. रुंद, चपट्या मायक्रो-बी सॉकेटचे टाके हलून हलून ढिले होतात. पन्नास-शंभर रुपये जादा देऊन टाइप-सी मिळत असेल तर ते घ्या.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जाणार असाल तर डिस्क बरोबर न्या आणि दुकानातच लावून बघा. सांगलीतल्या दुकानदारालाही हे सांगायला संकोच करू नका.

पहिल्यांदा जोडल्यावर ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का’ असा प्रश्न स्क्रीनवर आला, तर काही झालं तरी ‘हो’ म्हणू नका. फोल्डर उघडायला परवानगी नाही असं आलं, तर ते जुन्या लॅपटॉपच्या खात्यामुळे. पुढे जा म्हटलं की बहुधा उघडतं. ४८ अंकी रिकव्हरी की मागितली तर डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप आहे. नव्या लॅपटॉपमध्ये ते मालकाला न कळताच लागलेलं असू शकतं. लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर होता, ते मोबाइलवर उघडून की मिळते का ते आधी पाहा. ती नसेल तर कोणतंही केसिंग उपयोगाचं नाही.

डिस्क उघडली की पहिलं काम फोटोंचं. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमवर डिस्कची तब्येत नंतर तपासा. केसिंगमध्ये घातल्याने सहा-सात वर्षं फिरलेली डिस्क नवी होत नाही. सगळे फोटो दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या, त्यातले थोडे उघडून बघा, आणि मग या डिस्कवर सिनेमे-गाणी खुशाल ठेवा.