पवित्र जन कोण?

शास्त्रपाठ : १ करिंथ. १:२-११, १ तीमथ्य २:५, इब्री १२:१, २.

वसईकडील आपले रोमन कॅथलिक शेजारी कधी विचारितात, "तुमच्या मंडळीत संत नाहीत काय?" ह्याचे उत्तर नम्रतेने व शास्त्राधारे द्यावे.

वसईस जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन संघातील बंधू होते. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानातील नागासाकी येथे त्यांस इतर २५ जणांसह वधस्तंभी देऊन भाल्यांनी मारिले. रोमच्या मंडळीने त्यांस १६२७ साली धन्य व १८६२ साली संत ठरविले.

१. ही पदवी मिळावयास २६५ वर्षे लागली. परंतु प्रभूने आपला साक्षी त्याच दिवशी ओळखिला. करिंथच्या मंडळीत तंटे होते, तरी पौल तिच्यातील सर्वांस पवित्र जन म्हणतो. कारण पवित्रपण ख्रिस्तापासून आहे, मनुष्यांच्या निवाड्यापासून नव्हे.

२. कॅथलिक बंधू संतांस देव मानीत नाहीत. ते त्यांच्या प्रार्थनेचे साहाय्य मागतात. आपण तेही मागत नाही, कारण मध्यस्थ एकच आहे.

३. तथापि गोन्सालोंच्या विश्वासाचा अनादर करू नये. हुतात्म्यासाठी योजिलेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ साक्षी असा आहे. ज्याचे पाणी गावाने बंद केले, ज्यास भाऊबंदांनी टाकिले, तरी ज्याने प्रभूचे नाव सोडिले नाही, तोही साक्षीच होय. त्याचे नाव कोणत्याही यादीत नसेल. प्रभूजवळ ते आहे.

प्रश्न : पवित्र जन ह्या नावास शोभेल असे आपले वर्तन शेजाऱ्यांस दिसते काय?