दगड बदलला की गाव बदलतं

फ्रान्सच्या मध्यभागी ल प्वी नावाचं गाव आहे. तिथून एक पायवाट निघते आणि डोंगर, कुरणं, नदीकाठ, दगडी गावं ओलांडत नैर्ऋत्येला स्पेनच्या सरहद्दीजवळ पोचते. लांबी सुमारे ७५० किलोमीटर, नकाशावरचं नाव जीआर ६५. ल प्वीचा बिशप गोदेस्काल्क ९५० साली स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला गेला होता. फ्रान्सहून तिकडे गेलेल्या यात्रेकरूंच्या सर्वांत जुन्या नोंदींत त्याची गणना होते. आज या वाटेवर भाविक भेटतात, त्याहून जास्त निवृत्त जोडपी भेटतात, आणि मनात काहीतरी ठरवायला निघालेली तरुण मुलंमुली. ल प्वी ते काओर हा भाग मी तुकड्यातुकड्याने चालले. जे हाती लागलं ते, निघायच्या तयारीत असलेल्यांसाठी.

१. वाटेवरचा दगड बघत चाला

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाच्या पायांना बेसॉल्टची सवय असते. ल प्वीला पोचल्यावर तोच काळा, ज्वालामुखीतून आलेला दगड भेटतो. वयाने मात्र तो आपल्या कातळापुढे अगदी अलीकडचा. गावातच सुमारे ८५ मीटर उंचीचा एक सुळका उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर १०व्या शतकातलं सँ-मिशेलचं चॅपल. २६८ पायऱ्या चढून वर गेलात की दिसतं, चॅपल वेगळं कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही, कारण सुळक्याचा आणि भिंतीचा रंग एकच. खालच्या कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवर काळ्या आणि फिक्या दगडाचे आडवे पट्टे आहेत.

आलिए नदी ओलांडून मार्जरीदच्या डोंगरात शिरलं की ग्रॅनाइट सुरू होतो. घरं करडी होतात, जाडजूड चिऱ्यांची, लहान खिडक्यांची. वाटेकडेचे क्रूससुद्धा ग्रॅनाइटचे. पुढे ओब्राकच्या पठारावर पुन्हा काळा बेसॉल्ट. लोत नदीच्या खोऱ्यात उतरलात की तांबडा वालुकाश्म, कोंकला शिस्ट, फिजाकच्या पुढे पांढरा चुनखडक. पूर्वी जड दगड बैलगाडीने लांबून आणणं फार थोड्यांना परवडायचं. जो पायाखाली, त्याचंच घर, त्याचंच देऊळ. मोटारीने एका गावातून दुसऱ्या गावात गेलं तर सगळीच गावं देखणी दिसतात. ती एकमेकांपासून वेगळी का, हे चालत गेल्यावरच उमगतं. या वाटेवरून मी काही एक शिकले असेन तर ते हेच.

२. खुणांवर विश्वास ठेवा

पांढऱ्या पट्ट्याखाली तांबडा पट्टा म्हणजे वाट बरोबर. त्याच दोन रंगांची फुली म्हणजे इकडे जाऊ नका. वळण आलं की पट्ट्यांखाली बाण. झाडावर, कुंपणाच्या खांबावर, घराच्या कोपऱ्यावर या खुणा स्वयंसेवक रंगवतात आणि दरवर्षी फिरून ताज्या करतात. दहा-पंधरा मिनिटांत एकही खूण दिसली नाही, तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. पुढे कुठेतरी लागेल असं म्हणत रेटू नका.

३. चढाची नको, उताराची काळजी करा

उंचीचे आकडे इथे फारसे नाहीत. खरी परीक्षा सुरुवातीलाच होते. रोशग्यूदच्या छोट्या चॅपलपासून आलिएच्या काठी मोनिस्त्रोलला उतरताना वाट खडकाळ, मुळांनी भरलेली आणि पावसात निसरडी असते. दोन काठ्या घ्याच. सामान कमी ठेवा. ज्यांना पाठीवर ओझं झेपत नाही त्यांच्या पिशव्या पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या गाड्या आहेत, आणि त्यात कमीपणा काही नाही.

४. पाणी हवं तर दफनभूमी शोधा

फ्रान्सच्या खेड्यात हॉटेल नसेल, दुकान बंद असेल, पण चर्चच्या आसपास किंवा गावाच्या कडेला दफनभूमी असतेच, आणि तिथे फुलांना पाणी घालायला बहुधा नळ असतो. चालणारे बरेच लोक बाटल्या तिथेच भरतात. नळावर ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका. फिजाकनंतर चुनखडकाचं पठार लागतं. तिथे पाऊस पडला तरी पाणी जमिनीत मुरून जातं, ओढे दिसत नाहीत. त्या टप्प्यात दोन लिटर तरी सोबत हवंच.

५. ‘बोंजूर’शिवाय काही सुरू होत नाही

दुकानात शिरताना, वाटेत कुणी भेटलं तर, कुंपणापलीकडे शेतकरी दिसला तर, आधी ‘बोंजूर’. थेट ‘पाव आहे का?’ विचारणं तिथे उद्धटपणाचं. मुक्काम ‘जीट’मधे, म्हणजे चालणाऱ्यांसाठीच्या साध्या घरगुती निवासात. फोन करून जागा आधी धरा, विशेषतः मे आणि सप्टेंबरमधे. मे महिन्यात सुट्ट्या लागोपाठ येतात आणि वाट भरून जाते. मुक्कामांची यादी असलेलं ‘मियाम मियाम दोदो’ हे पुस्तक दरवर्षी नव्याने निघतं, ते जवळ ठेवा. बूट दाराशीच काढायचे. बऱ्याच ठिकाणी पाठपिशवीही खोलीत नेऊ देत नाहीत, ढेकणांच्या भीतीने. पाहिजे तेवढं टोपलीत काढून न्यायचं. हे नियम मनापासून पाळावेत. एका पिशवीतून ढेकूण आला तर त्या घराचा सगळा हंगाम बुडतो. दुपारी साडेबारा ते तीन दुकानं बंद, रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी पुष्कळ ठिकाणी बेकरीही बंद. लहान गावात एटीएम नसतं, म्हणून रोख पैसे हवेत.

६. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगा

रात्रीचं जेवण सगळ्यांचं एका टेबलावर, सात-साडेसातला, आणि पदार्थ घरधनीण ठरवते. ऐनवेळी सांगितलं तर तिची पंचाईत होते. आदल्या दिवशी फोनवर सांगितलं तर हौसेने करते. ल प्वीची हिरवी मसूर प्रसिद्ध आहे, पण तिच्यात बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, तेव्हा विचारून घ्या.

ओब्राकमधे मात्र आलिगो मिळतो. एका घरी सत्तरीच्या बाई तो करत होत्या, मी शेजारी उभी होते. उकडलेले बटाटे घोटून त्यात लोणी आणि साय घातली, लसूण घातली, मग तोम नावाचं ताजं, न मुरलेलं चीज पातळ काप करून. मंद आचेवर लांब दांड्याच्या लाकडी उलथन्याने त्या एकाच दिशेने ढवळत राहिल्या, मनगट थांबलं नाही. आधी गोळे गोळे होते, मग सगळं गुळगुळीत झालं, आणि अचानक पातेल्याच्या कडेपासून सुटायला लागलं. त्यांनी उलथनं हातभर वर उचललं. चीजचा पदर तुटला नाही. तो वाढताना कात्रीने कापला. पूर्वी हिवाळ्याआधी गुरं खाली येईपर्यंत या पठारावरचे गवळी दगडी झोपड्यांत राहून चीज करायचे. तिथल्या भाषेत त्या झोपड्या म्हणजे ‘ब्यूरों’, आणि त्यातल्या काही अजून उभ्या आहेत.

७. ओब्राकला हवा साफ असेल तेव्हाच ओलांडा

नास्बिनाल ते ओब्राक गाव हा टप्पा माझ्या सर्वांत आवडीचा, आणि सर्वांत धोक्याचाही. वाट १३०० मीटरच्या वर जाते. झाड नाही, घर नाही. नुसती कुरणं आणि दगडी बांध. मेच्या अखेरीस गाई वर चढवतात: फिकट तपकिरी अंग, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड, वर वळलेली शिंगं. वाट त्यांच्या कुरणातूनच जाते. फाटक उघडलं की आपल्यामागे लावायचंच, आणि वासरू व गाय यांच्या मधून जायचं नाही.

धुकं आलं की सगळं बदलतं. दहा पावलांवरचा खांब दिसेनासा होतो. एप्रिलमधेही इथे बर्फ पडतो. १२व्या शतकात आदालार नावाच्या फ्लेमिश सरदाराने याच ठिकाणी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा काढली, आणि धुक्यात व हिमवादळात तिथली घंटा वाजवत राहायचे, चुकलेल्या माणसाला आवाजाने वाट सापडावी म्हणून. ‘हरवलेल्यांची घंटा’ असंच तिला म्हणतात. त्या उघड्या माळावर उभं राहिलं की अशी धर्मशाळा काढणाऱ्यांविषयी पोटातून आदर वाटतो. आकाश भरून आलं असेल तर नास्बिनालला एक दिवस थांबा. कितीही घाई असली तरी थांबा.

८. कोंकला मुक्काम करा

दिवसा कोंकमधे बस भरभरून माणसं येतात आणि संध्याकाळी निघून जातात. मग गाव चालणाऱ्यांचं होतं. उतरणीवरच्या घरांची छपरं शिस्टच्या फरश्यांची, माशाच्या खवल्यांसारखी. सँत-फ्वाच्या मठाच्या चर्चमधे पिवळसर चुनखडक, तांबडा वालुकाश्म आणि शिस्ट तिन्ही आहेत. मागच्या वाटेवर जे जे तुडवलं ते इथे एका भिंतीत भेटतं.

पश्चिमेच्या दरवाजावर १२व्या शतकात कोरलेला अंतिम न्यायाचा पट आहे, १२४ आकृत्यांचा. नरकाच्या बाजूला घोड्यावरून डोक्यावर पडणारा गर्विष्ठ सरदार, गळ्यात थैली बांधून टांगलेला कंजूष. वरच्या कमानीच्या कडेला दगडी पट्टी जरा दुमडून तिच्यामागून डोकावणारे चेहरे आहेत, नुसती मान आणि बोटं दिसणारे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जुन्या रंगांचे अवशेषही दिसतात. रात्री मठातले एक धर्मबंधू दारात उभे राहून हा पट समजावून सांगतात. फ्रेंच येत नसलं तरी थांबावं, त्यांचा हात कुठे जातो ते पाहून पुष्कळ कळतं. हे चर्च मोडकळीला आलेलं होतं. १८३७ साली ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षक असलेले लेखक प्रोस्पेर मेरिमे इथे आले आणि त्याच्या रक्षणाची हालचाल सुरू झाली. खिडक्या मात्र १९९४ च्या. जवळच्याच रोदेझ गावात जन्मलेले चित्रकार पिएर सूलाज यांनी १०४ खिडक्यांना रंगहीन, धूसर काच बसवली. रंगीत काच नको, असा त्यांचा निर्णय होता, आणि माझ्या मते तो सर्वस्वी योग्य. आतल्या दगडाचा रंग सकाळी वेगळा आणि दुपारी वेगळा दिसतो, तो या काचेमुळे.

९. कोंकला संपवू नका

बहुतेक जण कोंकहून परततात. सवड असेल तर पुढे चला. ग्रेयालूजवळ वाटेलगतच प्रागैतिहासिक दफनाचा दगडी डोल्मेन आहे, शेजारी क्रूस. इथला पांढरा दगड माणूस किती काळापासून उचलून रचत आला आहे ते डोळ्यांसमोर येतं. ओकची खुरटी झाडं, चुना न वापरता रचलेले बांध, मेंढपाळांच्या गोल झोपड्या, आणि मैलोगणती माणूस नाही. काओरला पोचलात की १४व्या शतकातला तीन बुरुजांचा व्हालांत्रे पूल आहे. बांधणाऱ्याने सैतानाशी करार केला आणि त्याला फसवलं, म्हणून सैतान मधल्या बुरुजाचा एक दगड रोज काढून टाकायचा, अशी दंतकथा. १८७९ च्या दुरुस्तीत वास्तुरचनाकार पोल गू यांनी त्या जागी दगड उपटणारा छोटा सैतानच कोरून घेतला. बुरुजाच्या वरच्या कोपऱ्यात बघावं लागतं. काओरच्या स्टेशनवरून पॅरिसला थेट गाडी आहे.