बालगीते आणि चारित्र्याची घडण

मूल नीट बोलावयास लागण्यापूर्वीच ठेका धरू लागते. आईच्या मांडीवर ते टाळ्या वाजविते आणि अर्धेमुर्धे शब्द उच्चारीत तिच्या गाण्याला साथ देते. संस्कारांसाठी गाण्यासारखे साधन नाही असे म्हटले जाते, ते या अर्थाने खरे आहे. मात्र या सोयीचा दुरुपयोगही पुष्कळ झाला आहे. खरे बोलावे, हात धुवावेत, वडीलधाऱ्यांचे ऐकावे, अशा आज्ञांना यमके जुळवून त्यांना बालगीत म्हणण्याची प्रथा रूढ आहे. मुले ती खड्या आवाजात म्हणतात आणि पुढच्याला ढकलीत रांगेतून बाहेर पडतात.

खिरापतीचा धडा

या दृष्टीने भोंडल्याकडे पाहण्यासारखे आहे. आश्विनात पाटावर हत्तीचे चित्र मांडून मुली त्याभोवती फेर धरतात व गाणी म्हणतात. विदर्भ-खानदेशातील भुलाबाईची गाणी याच कुळीची. या गाण्यांत नीतिपाठ शोधू गेल्यास निराशाच पदरी येईल. त्यांत सासरच्या तक्रारी आहेत, थट्टा आहे, काही ठिकाणी तर निव्वळ शब्दांची मौज आहे. तरीही त्या फेरात मुलगी जे शिकते ते उपदेशपर गाण्यांतून क्वचितच शिकते. धाकटीच्या पावलाशी थोरलीला आपले पाऊल जुळवून घ्यावे लागते. एखादी पुढे धावली की फेर तुटतो. गाणी संपेपर्यंत झाकलेल्या डब्यास हात लावावयाचा नाही. मग खिरापत ओळखावयाची. पण जिने ओळखली तिला ती एकटीला मिळत नाही, सर्वांना सारखी वाटली जाते. संयम आणि समता हे शब्द त्यात कोठेही उच्चारले जात नाहीत.

बोर्डी आणि कोसबाड

भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. पुढे १९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. (हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.) तेथील बालशिक्षणात आंघोळ, नखे कापणे ही दिनक्रमातील प्रत्यक्ष कामे होती आणि शिक्षणाची साधने बिया, पाने, शिंपले अशी परिसरातली होती. स्वच्छतेचे गाणे नळाजवळ, ओल्या हातांनी म्हटले गेले तरच ते गाणे स्वच्छतेचे ठरते, हे सूत्र अशा कामातून उमगते. कुरणातल्या मुलास ओळखीच्या करडाचे गाणे द्यावे. राजवाड्यातील शहाण्या राजपुत्राचे गाणे त्याच्या कामाचे नाही.

२ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेद्वारे अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. अंगणवाडीतील ताईंना गाणे निवडताना काही साध्या गोष्टी पाहता येतील. लहान मुलांच्या गळ्याचा पल्ला थोडा असतो. पाच-सहा स्वरांत बसणारी चाल त्यांना पेलते. पेटीची पट्टी मोठ्यांच्या आवाजाप्रमाणे धरली की मुले गाण्याऐवजी ओरडू लागतात. ओळ आखूड असावी, पालुपद वारंवार यावे आणि मधली एखादी जागा मुलांनी स्वतः भरावी: कोणी मित्राचे नाव घालील, कोणी भाजीचे. दुसऱ्याची पाळी येईपर्यंत थांबणे आणि त्याचे नाव गाण्यात घेणे हेच त्या गाण्याचे शिक्षण होय. मोबाइलवर लावलेल्या गाण्यात ही जागा राहत नाही, मूल केवळ पाहत बसते. स्नेहसंमेलनातही एकाच सुरेल मुलास ध्वनिक्षेपकासमोर उभे करून उरलेल्यांना मागे डोलावयास लावले, तर गाण्याचा हा गुण निम्म्याहून अधिक वाया जातो.

प्रत्येक वर्गात न गाणारे एखादे मूल असतेच. त्यास पुढे ओढून गावयास लावू नये. त्याच्या हाती खुळखुळा किंवा चिंचोके भरलेला डबा द्यावा आणि ठेका सांभाळण्याचे काम सोपवावे. सर्वांचे गाणे आता त्याच्या हातावर चालते. थोड्याच दिवसांत पालुपदाच्या वेळी त्याचे ओठही हलू लागलेले दिसतात.