ऐका, चर्चा करा, कृती करा

— बी. ए. द्वितीय वर्ष

विहिरीवर मोटार बसली म्हणजे पीक भिजले असे होत नाही. दांड नीट असावा लागतो आणि दारे धरायला माणूस उभा असावा लागतो. नाहीतर एका वाफ्यात पाणी तुंबते आणि शेजारचा वाफा कोरडा राहतो. माहितीचेही असेच आहे. रेडिओ, दूरदर्शन, दूरध्वनी, संगणक आणि आजचा मोबाईल या सर्वांना मिळून माहिती व संपर्क तंत्रज्ञान म्हणतात. ही साधने गावात आली की गावाचा विकास होतो, असे आपण निबंधातून सहज लिहून जातो. ते कितपत खरे आहे, हे आपल्याच महाराष्ट्रातील काही प्रयोगांच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न मी या लेखात केला आहे.

पुण्याचा प्रयोग

१९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावे निवडून प्रत्येक गावात एक श्रोतामंडळ स्थापन करण्यात आले. कल्पना मूळची कॅनडातील शेतकरी मंडळांची. तिला इथल्या गावाचे रूप दिले गेले. फेब्रुवारी ते एप्रिल अशा दहा आठवड्यांत, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले.

प्रयोगाचे वैशिष्ट्य कार्यक्रम संपल्यानंतर सुरू होई. मंडळातील वीसेक माणसे रेडिओ बंद करून तिथेच बसत. जे ऐकले ते आपल्या गावाला लागू पडते का, पडत असेल तर कोणी काय करायचे, यावर बोलणे होई. मंडळाचा चिटणीस ते लिहून घेई. शंका पुण्याला कळवल्या जात आणि पुढच्या कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे मिळत. म्हणजे बोलणे एकतर्फी नव्हते. गावही केंद्राशी बोलत होते. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे या योजनेचे सूत्र होते.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे, अशी तुलना करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या ज्ञानात ठळक वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र ती नगण्य होती. यंत्र तेच, कार्यक्रमही तेच. फरक होता तो एकत्र बसण्याचा. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. पुढे ट्रान्झिस्टर घरोघर पोचले, पण मंडळे मागे पडली. रेडिओ वाढला आणि बैठक मोडली.

वारणेचे संगणक

दुसरे उदाहरण वारणानगरचे. १९९८ मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांसाठी संगणकाचा प्रकल्प हाती घेतला. गावोगावच्या केंद्रांतून शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण असे सर्व काही मिळावे, असा मोठा हेतू होता. प्रत्यक्षात ही केंद्रे वापरली गेली ती मुख्यतः उसाच्या कामासाठी: नोंद, तोडणीचा परवाना, वजन, बिल. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्राने सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल ठेवून पाहिला. लघुसंदेशावरही ते काम चालले.

यातून मला एक गोष्ट जाणवते. उसासाठी शेतकऱ्यांची सहकारी संघटना आधीच उभी होती, म्हणून उसाचे काम संगणकाने सोपे झाले. बाकीच्या गोष्टींमागे तशी संघटना नव्हती. तिथे संगणक असूनही फारसे घडले नाही. या संशोधकांपैकी केंटारो तोयामा यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हेच मांडले आहे. माणसांत जी इच्छा आणि जी कुवत असेल ती तंत्रज्ञान वाढवते. जी नाही ती ते निर्माण करू शकत नाही.

म्हसवडचा आवाज

तिसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही स्वतःचे छोटे रेडिओ केंद्र चालवण्याची वाट मोकळी केली. माणदेशी फाउंडेशनने २००८ मध्ये म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू केली. अशा केंद्राचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच जातो, पण तो ओळखीचा असतो. आपल्याच बोलीत आपल्याच शेजारणीचे बोलणे ऐकू आले की बाईला वाटते, मलाही काही सांगता येईल. शहरातून येणाऱ्या आवाजाने हे साधत नाही.

आपल्या तालुक्यात

आता परतूरकडे येऊ. कापूस आणि सोयाबीन ही आपली पिके, आणि पाऊस लहरी. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून मोबाईलवर पिकाचे छायाचित्र द्यावे, असे ठरले. योजना चांगली आहे. शेतकऱ्याच्या नोंदीचा अधिकार शेतकऱ्याच्याच हाती आला. पण ज्याला फोनवर वाचता येत नाही, त्याच्या दृष्टीने तो अधिकार कुलुपातच राहिला.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरातले आणि गल्लीतले फोनवरचे संदेश वाचून सांगण्याचे काम माझ्याकडे आले आहे. २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. त्या वेळच्या पीकविम्याच्या नियमाप्रमाणे नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचे होते. आमच्या गल्लीत काहींनी ते वेळेत कळवले, काहींचे राहिले. फोन सगळ्यांच्या घरी होता. ज्यांना कोणीतरी बसून समजावले, त्यांचे काम झाले. एक विधवा काकू तर म्हणाल्या, “फोन पोराच्या खिशात, अन् पोरगं पुण्याला.” निंदणी आणि कापूस वेचणी बाईच्या अंगावर, पण पिकाची बातमी तिच्यापर्यंत सर्वांत शेवटी येते.

पूर्वी दवंडी पिटली की साऱ्या गावाला एकाच वेळी ऐकू जाई आणि पारावर तिच्यावर बोलणे होई. मोबाईलचा संदेश प्रत्येकाच्या खिशात वेगळा वाजतो आणि तिथेच विझतो. पुण्याच्या प्रयोगात जे होते आणि आज जे हरवले आहे, ते हेच.

आपण काय करू शकतो?

जालन्याजवळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकरी आणि शास्त्रज्ञ दरमहा चर्चासत्राला एकत्र बसत आले आहेत. हीच रीत आपल्याला गावपातळीवर नेता येईल. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर सात दिवसांचे असते. आपण परतलो की गाव पुन्हा होते तिथे. त्याऐवजी दत्तक गावात वर्षभर, आठवड्यातून एक संध्याकाळ, मंडळ बसवावे. हवामानाचा अंदाज, शासनाची नवी योजना, कापसाचा भाव, असा एकच विषय घ्यावा. एका विद्यार्थ्याने तो मोठ्याने वाचावा, त्यावर चर्चा व्हावी, शंका वहीत उतरवाव्यात. त्या खरपुडीला किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाला विचारून पुढच्या आठवड्यात उत्तर आणावे. स्त्रियांचे मंडळ त्यांच्या सवडीच्या वेळी वेगळे बसवावे. याला लागणारे साहित्य म्हणजे एक फोन, एक वही आणि एक सतरंजी.

प्राध्यापकांनी मनावर घेतले तर येत्या खरिपापासून हे सुरू करता येईल. नव्या यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. पाणी शेतापर्यंत आलेले आहे. दारे धरायला कोण उभे राहणार, एवढेच ठरायचे आहे.