तेलगळतीच्या विषाला शर्करेचा सापळा

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. किनाऱ्यावरील तिवरे तेलाने माखली व मच्छीमारांचा व्यवसाय ठप्प झाला. अशा वेळी तरंगते अडथळे घालून तेल अडविता येते व उपसता येते. परंतु काळा तवंग नाहीसा झाला म्हणजे पाणी निर्धोक झाले, असे मात्र नव्हे.

न दिसणारे विष

खनिज तेलात अनेक कड्या जोडून बनलेली काही कर्बयुक्त संयुगे असतात. त्यांपैकी बेंझोपायरीन हे कर्करोगकारक आहे. ही संयुगे अत्यल्प प्रमाणात पाण्यात उतरतात व गाळात टिकून राहतात. कालवे, शिंपल्या यांसारख्या जीवांना त्यांचे विघटन नीट करता येत नाही; त्यामुळे ती त्यांच्या शरीरात साठतात आणि तेथून माणसाच्या ताटात येऊ शकतात.

स्टार्चपासून सापळा

या संयुगांना पकडण्यासाठी सायक्लोडेक्स्ट्रिन हा शर्करायुक्त पदार्थ उपयोगी पडतो. १८९१ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ व्हिलिये यांनी तो प्रथम नोंदविला. स्टार्चवर विशिष्ट एंझाइमची क्रिया घडविली की ग्लुकोजचे सहा, सात किंवा आठ घटक जोडून त्याचे कडे तयार होते. या कड्याचा बाहेरचा भाग पाण्यात मिसळतो, तर आतली पोकळी तैलयुक्त पदार्थांना जवळ करते. साहजिकच पाण्यातील विषारी रेणू त्या पोकळीत जाऊन बसतो. औषधे व खाद्यपदार्थांतही या पदार्थाचा वापर होतो.

पकड आणि पारख

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड विद्यापीठात प्रा. मिंडी लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुणधर्माचा दुहेरी उपयोग करून पाहिला. आठ घटकांच्या मोठ्या कड्यामुळे विषारी रेणू आणि चमकणारे रंगद्रव्य एकमेकांच्या निकट येतात. त्यावर योग्य प्रकाश टाकला असता विषारी रेणू तो शोषून आपली ऊर्जा रंगद्रव्यास देतो व रंगद्रव्य चमकू लागते. या चमकेवरून विषाचे अस्तित्व ओळखता येते. म्हणजेच जे कडे विष धरते, तेच त्याची साक्षही देते.

सारा समुद्र या उपायाने धुऊन काढता येणार नाही. तवंग अडविणे व उपसणे हेच पहिले काम राहील. मात्र मासेमारी पुन्हा केव्हा सुरू करावी, हा निर्णय केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या स्वच्छतेवर सोडता येत नाही. त्यासाठी पाण्याची व मासळीची रासायनिक तपासणी आवश्यक असते. ती अधिक सुलभ झाल्यास ग्राहकाचे आरोग्य आणि मच्छीमाराची रोजी या दोहोंचे रक्षण होईल.